नेरिकोमी: आरपार नक्षीची जपानी भांडी

नक्षीचा कप फुटला की तुकड्याची कड बघा. निळी वेल असो वा सोनेरी काठ, सगळं वरच्या केसाएवढ्या थरात संपलेलं असतं आणि आत पांढरंफटक. नेरिकोमीचा कप फुटला तर तुटलेल्या कडेवरही तीच पट्टी, तोच चौकोन दिसतो. आत डोकावलं तर तिथेही बाहेरचीच नक्षी. कारण ब्रश लावलेलाच नसतो. वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर रचून एक ठोकळा करायचा, त्याच्या चकत्या काढायच्या आणि त्या चकत्यांचं भांडं घडवायचं. अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक वडीवर तेच चक्र निघतं, तत्त्व तेवढंच.

तत्त्व इतकं सोपं आहे म्हणूनच पहिल्यांदा करणारे गोत्यात येतात. व्हिडिओत तार सरकते, चकती सुटते, आत फूल उमललेलं दिसतं, वीस सेकंदांत खेळ खलास. त्याआधीचे काही दिवस आणि नंतरचे दोन-तीन आठवडे कोणी चित्रित करत नाही. आणि खरं शिकणं तिथेच आहे. माझं स्पष्ट मत आहे की नेरिकोमीत नक्षी सुचणं हा सोपा भाग. अवघड आहे तो मातीतल्या पाण्याचा हिशेब.

माती आकसते

हाताने वळता येईल इतक्या मऊ मातीत वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी असतं. मातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे, आणि हे पाणी त्यांच्या मधोमध बसलेलं असतं. ते उडालं की पापुद्रे एकमेकांकडे सरकतात आणि भांडं लहान होतं. मग भट्टीत पुन्हा एकदा तेच. तापमान चढत गेलं की मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात, कणांमधल्या पोकळ्या बुजतात, भांडं आणखी आकसतं. दोन्ही मिळून स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, साधारण १० ते १२ टक्के आकसते, पोर्सेलिन म्हणजे चिनी माती बहुधा त्याहून जास्त.

एकाच मातीचं भांडं सगळीकडून सारखं लहान होतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. नेरिकोमीत दोन-तीन माती शेजारी शेजारी असतात. समजा, तांबडी माती पांढरीपेक्षा फक्त २ टक्के जास्त आकसली. २० सेंटिमीटरच्या थाळीवर हा फरक ४ मिलिमीटरचा झाला. हे ४ मिलिमीटर कुठून तरी वसूल होणारच, आणि ते सांध्यातून होतात. दोन रंग भेटतात तिथे केसासारखी भेग पडते, नाहीतर थाळीची एक कड वर उचलली जाते. भेग कधी वाळताना दिसते, कधी पहिल्या भाजणीनंतर, आणि कधी शेवटची भट्टी उघडल्यावर. शेवटची सगळ्यात जास्त जिव्हारी लागते.

यावरचा उपाय साधा आहे: माती एकच घ्यायची आणि तिच्यातच वेगवेगळे रंग मिसळायचे. या कामातलं जपानमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मात्सुइ कोसेइ. १९२७ साली जन्मलेले कोसेइ इबाराकी प्रांतातल्या कासामा गावी गेस्सोजी या बौद्ध मंदिराचे प्रमुख होते आणि मंदिराच्या आवारातच मातीकाम करत. कासामा हे जुनं कुंभारगाव. त्यांनी एकाच मातीत रंगद्रव्यं मिसळून छटा तयार करण्याची वाट धरली आणि तीमुळे आकसण्याचा प्रश्न बराचसा आटोक्यात आला. १९९३ साली जपान सरकारने त्यांना या तंत्रासाठी ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. २००३ साली ते गेले. त्यांची काही भांडी गुळगुळीत, बारीक रेषांची आहेत. काहींचा पृष्ठभाग मात्र मुद्दाम खरवडून, मग भांडं आतून फुगवत नेऊन, सुकलेल्या नदीपात्रासारखा चिरफाळलेला आहे. भेगा टाळण्याची वाट शोधणाऱ्या माणसाने त्यांनाच कामाला लावलं, याची मला गंमत वाटते. कासामातल्या इबाराकी प्रांताच्या मृत्शिल्प संग्रहालयात त्यांचं काम पाहायला मिळतं.

निसर्गतः रंगीत माती वापरणारेही आहेत. सादो बेटावर सोन्याची जुनी खाण आहे, २०२४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथल्या लोहयुक्त तांबड्या मातीच्या भांड्यांना मुम्योइ म्हणतात. या परंपरेतले पाचवे इतो सेकिसुइ यांना २००३ साली तोच राष्ट्रीय सन्मान मिळाला. रंगीत माती रचून केलेल्या त्यांच्या भांड्यांवर लहान लहान फुलं एकमेकांना खेटून बसलेली असतात. पण ते घराण्याचं ज्ञान आहे. ती माती कशी वागते हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपण बाजारातली दोन पाकिटं आणून तसं करायला गेलो तर भेगांची हमी.

रंग किती घालायचा

रंगासाठी दोन पर्याय असतात. धातूंची ऑक्साइडं किंवा तयार ‘स्टेन’. स्टेन म्हणजे ऑक्साइडं इतर पदार्थांबरोबर आधीच भाजून, दळून स्थिर केलेली पूड. ऑक्साइडं जोरकस असतात. कोबाल्ट ऑक्साइड कोरड्या मातीच्या १ टक्का घातलं तरी चांगला निळा येतो, अर्ध्या टक्क्यात फिका. लाल लोह ऑक्साइड ३ ते ६ टक्के घातलं तर बदामीपासून तपकिरीपर्यंत छटा मिळतात. क्रोमियम १-२ टक्क्यांत काहीसा मळकट हिरवा देतं. तांब्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. जास्त तापमानाला ते वाफेसारखं सुटतं आणि शेजारच्या पांढऱ्या मातीवर डाग पाडतं. स्टेन ५ ते १० टक्के लागतो, महाग पडतो, पण गुलाबी, पिवळा, पोपटी असे रंग त्याशिवाय मिळणं कठीण.

हे टक्के कोरड्या मातीचे. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. पाकिटातली ओली माती १ किलो असेल आणि तिच्यात २२ टक्के पाणी असेल तर कोरडी माती ७८० ग्रॅम. ५ टक्के स्टेन म्हणजे ३९ ग्रॅम, ५० नव्हे. दर वेळी वजन करा आणि वहीत लिहा. ‘अंदाजे चमचाभर’ टाकलेला निळा पुन्हा कधीच जुळत नाही.

आणखी एक कटकट आहे. लोह, कोबाल्ट आणि मॅंगनीज मातीला लवकर वितळायला मदत करतात, क्रोमियम उलट वितळायला दाद देत नाही. म्हणजे माती एकच असली तरी रंगामुळे तिचं आकसणं थोडं बदलतंच. म्हणून रंग जितका कमी टक्क्यांत भागेल तितका बरा, आणि प्रत्येक रंगाची पट्टी आधी भाजून पाहायची. पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. भट्टीतून निघाल्यावर ती ८.८ भरली तर माती १२ टक्के आकसली. सगळ्या रंगांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की कोण कोणाशी नांदेल ते डोळ्यांनाच कळतं. हा एक कंटाळवाणा आठवडा पुढचे अनेक वाचवतो.

मिसळायची चांगली पद्धत म्हणजे कोरडी माती कुटून पाण्यात भिजवायची, त्यात रंग कालवायचा, ८० नंबरच्या बारीक चाळणीतून गाळायचं आणि ती राबडी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जाड फरशीवर ओतायची. प्लास्टर पाणी पितं आणि काही तासांत मळण्याजोगी माती उरते. घाई असेल तर रंगाची पेस्ट करून मऊ मातीत मळता येते, पण मग हमखास ठिपके राहतात. पूड हाताळताना चांगला मास्क हवाच. मॅंगनीज आणि क्रोमियमची पूड श्वासातून जाणं धोक्याचं आहे, कोरड्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक आहे. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, आणि इथली वाटी-चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

कच्च्या मातीचा रंग फसवा असतो. कोबाल्ट ऑक्साइड घातलेला गोळा काळपट दिसतो, शेजारी खरोखरच्या काळ्याचा गोळा असेल तर दोघांत फरक करणं मुश्कील. लोहाचा लालसर गोळा भट्टीतून तपकिरी होऊन येतो. प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर मार्करने नाव लिहा.

चौकडी कशी उतरते

सगळ्यात चांगला पहिला धडा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी. जपानमध्ये तिला इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटाने रंगमंचावर अशा कापडाचा पोशाख घातला आणि चौकडीला त्याचंच नाव चिकटलं. तोक्यो ऑलिंपिकचं २०२० चं निळं बोधचिन्ह याच चौकडीच्या घराण्यातलं.

काळ्या मातीचे चार आणि पांढऱ्याचे चार थर लाटा. प्रत्येकाची जाडी बरोबर १ सेंटिमीटर, रुंदी ८, लांबी १५. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की जाडी आपोआप सारखी येते. आता थांबा. थर फार मऊ असतील तर रचताना दबून पसरतात, फार घट्ट असतील तर चिकटत नाहीत. बोट दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला माती लागणार नाही, अशी अवस्था हवी. आणि सगळे थर एकाच अवस्थेत हवेत. काळा कालचा आणि पांढरा आजचा, असं चालत नाही.

प्रत्येक पृष्ठभागावर काट्याने चरे पाडा, त्याच मातीची राबडी ब्रशने लावा आणि एक काळा, एक पांढरा असं रचत जा. मधून बाहेरच्या दिशेने तळहाताने दाबा, म्हणजे हवा कडेने निघून जाईल. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे सांधा धरतच नाही. आठही थर झाले की ८ सेंटिमीटर उंचीचा पट्ट्यांचा ठोकळा तयार. त्याच्या सगळ्या बाजू टेबलावर हलकेच आपटून घ्या आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एक रात्र ठेवा. या मुक्कामात थरांमधलं पाणी इकडून तिकडे जाऊन समसमान होतं.

दुसऱ्या दिवशी ठोकळा लांबीच्या दिशेने उभा कापायचा, १ सेंटिमीटरच्या आठ फळ्यांत. प्रत्येक फळीच्या टोकाकडून पाहिलं तर काळा-पांढरा-काळा-पांढरा असा आठ घरांचा खांब दिसतो. आता एक सोडून एक फळी उलटी करायची, खालची बाजू वर. तिच्यात पहिलं घर काळं होतं ते पांढरं झालं. पुन्हा चरे, राबडी, दाबणं. ठोकळ्याच्या तोंडाशी ६४ घरं उभी राहतात आणि ती १५ सेंटिमीटर खोल आरपार जातात.

पुन्हा गुंडाळून ठेवायचं, आणि या वेळी एक दिवस पुरत नाही. दोन-तीन दिवस द्यावेत. मगच तारेने आडव्या चकत्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या. दर कापानंतर तार पुसायची, नाहीतर काळ्याचा डाग पुढच्या पांढऱ्यावर ओढला जातो. पहिली चकती बघून निराश होऊ नका. टोकाचा भाग दाबाने वेडावाकडा झालेला असतो आणि तारेने वर रंगांचा लेप फासलेला असतो. पत्र्याच्या पट्टीने तो हळूच खरवडला की खालची घरं धारदार दिसू लागतात. नेरिकोमीतला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच, भट्टी उघडण्याहूनही.

हीच युक्ती वाढवत नेली की बाकीची नक्षी येते. ठोकळा दाबून-ओढून लांब आणि बारीक केला, चार तुकडे करून जोडला, की मोठं फूल चार छोट्या फुलांत बदलतं. तिरके काप घेऊन उलटसुलट जोडले की बाणांच्या पिसांची नक्षी. गोल थर एकात एक बसवून अर्धे कापले की लाटा. चौकडीचा ठोकळा स्वच्छ जमेपर्यंत यांच्या मागे लागू नये, असं माझं म्हणणं.

चकतीपासून भांडं

चकत्या प्लास्टरच्या उलट्या साच्यावर पसरून थाळी किंवा वाटी करतात. एकच चकती असेल तर काम सोपं. अनेक चकत्या जोडायच्या असतील तर प्रत्येक कडेला पुन्हा चरे आणि राबडी, मग वर पातळ कापड टाकून लाटणं दोन्ही दिशांनी हलकं फिरवायचं. एकाच दिशेने लाटलं तर चौकोन लांबट होतात. दाब दिला की माती घट्ट बसते, आणि सांधा टिकणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

मग वाळवणं. थाळी प्लास्टिकखाली झाकून, रोज थोडी थोडी उघडत, एक ते तीन आठवडे. कडा मध्यभागापेक्षा आधी वाळतात, म्हणून कडांना ओलसर कापडाची पट्टी. मे महिन्यात नागपूरला किंवा पुण्याला पंख्याखाली ठेवलेली थाळी संध्याकाळपर्यंत कुरकुरीत होते आणि सांधे सोडते. मुंबई-कोकणातला पावसाळा, ज्याला एरवी मातीकाम करणारे वैतागतात, या कामाला मात्र सोयीचा.

पूर्ण वाळल्यावर पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने घासतात. साधी लोखंडी घासणी वापरू नये, तिचे बारीक तुकडे अडकून पांढऱ्या भागावर गंजाचे ठिपके उमटतात. पहिली भाजणी ९०० ते १००० अंश सेल्सिअसला, तापमान अगदी सावकाश चढवत. मग पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, पातळच द्यायचं, कारण जाड थर दुधाळ होऊन नक्षी झाकतो. शेवटची भाजणी मातीप्रमाणे, स्टोनवेअरला बहुधा १२०० ते १२८० अंश. काही कलाकार बाहेरून ग्लेझ देतच नाहीत, दगडासारखं मॅट ठेवतात. मलाही तेच भावतं, पण जेवणाच्या भांड्याच्या आतल्या बाजूला ग्लेझ असलेलं बरं. हळद कोणाला सोडत नाही.

चाकावरचा भाऊ

रंगीत मातीचा गोळा चाकावर ओढला तर काय होतं? रंग मळसूत्रासारखे वर चढत जातात. याला सहसा नेरिआगे म्हणतात आणि हाताने चकत्या जोडून केलेल्याला नेरिकोमी. जपानमध्ये ही वाटणी फार काटेकोर पाळली जात नाही. मात्सुइंचा सन्मान नेरिआगेच्याच नावाने होता. चाकावर ताबा कमी, नशीब जास्त. भांडं झाल्यावर बाहेरचा राबडीचा लेप तासून काढला की आतल्या वळणदार रेषा प्रकट होतात.

ही कल्पना मुळात जपानचीही नाही. चीनमध्ये तांग राजवटीत, म्हणजे ६१८ ते ९०७ या काळात, पांढरी आणि तपकिरी माती एकत्र पिळून वाट्या आणि चक्क मातीच्या उशा केल्या जात. काही उशांवर नक्षीच्या मातीचा फक्त पातळ पापुद्रा साध्या मातीवर चिकटवलेला आहे. महाग माल वाचवण्याची अक्कल तेव्हाही होती. कोरियात गोर्यो राजवटीच्या मध्ययुगीन काळात असं काम झालं, जपानमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिनो भागात. अठराव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये अकीक दगडाची नक्कल म्हणून अशा किटल्या आणि सुऱ्यांच्या मुठी निघाल्या. बारीक भौमितिक नक्षी मात्र जपानी कलाकारांनी विसाव्या शतकात ज्या टोकाला नेली, तशी आधी कोणी नेली नव्हती.

शिकायचं कुठून

आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंत वर्ग म्हणजे चाक. नेरिकोमीची कार्यशाळा मधूनमधून असते, बहुतेक एक-दोन दिवसांची. त्यात ठोकळा आणि चकती एवढंच जमतं, वाळवणं तुमच्या डोळ्यांदेखत होत नाही. म्हणून जाण्याआधी विचारा की ठोकळा घरी नेता येईल का, आणि नंतर भट्टीत जागा भाड्याने मिळेल का. भट्टी किती अंशांपर्यंत जाते, हे माती विकत घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही. माती पांढरीच निवडा. करड्या स्टोनवेअरवर पिवळा आणि गुलाबी मेलेले दिसतात.

चाकाची गरज नाही. लाटणं, दोन सारख्या लाकडी पट्ट्या, तार, पत्र्याची पट्टी, वजनकाटा आणि भरपूर प्लास्टिक पिशव्या पुरतात. सुरुवात दोनच रंगांनी, आणि थाळीऐवजी तळहाताएवढ्या फरश्यांनी करा. फरशी सपाट असते, तिला वळण द्यायचं नसतं, त्यामुळे भेग पडली तर कारण शोधणं सोपं जातं. भेग सांध्यावर सरळ रेषेत असेल तर चिकटवण्यात कसर राहिली. एका रंगाच्या कडेनेच असेल तर तो रंग वेगळा आकसतोय. कडेकडून आत आली असेल तर वाळवण्यात घाई झाली.

ठोकळ्याच्या टोकांचे वाकडे तुकडे आणि कापताना निघालेली मिश्र माती भरपूर उरते. तिच्यातले रंग परत वेगळे होत नाहीत आणि सगळं एकत्र मळलं की करडा चिखल होतो. म्हणून ते तुकडे न मळता तसेच दाबून चॉपस्टिक टेकवायच्या छोट्या घोड्या, बटणं, मणी करावेत. नव्या रंगाची भट्टीतली चाचणीही त्यांच्यावरच उरकून जाते.